वसंताचं रीथ: कडं का फिरत होतं ते सापडलं

सापडलं! सकाळी रीथ (दारावर टांगायचं फुलांचं कडं) सरळ लावून ऑफिसला जायचं आणि संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर पडताच ते वाकडं दिसायचं, हा जो छळ चालला होता, त्याचं कारण काल रात्री स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सापडलं.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच: १४ इंची कडं, गुळवेलीचं. पळसाची फुलं दुहेरी क्रेप कागदाची. चंद्रकोर मांडणी, डावीकडे खाली, तिचा मध्य साडेसातला. (आपण घड्याळाच्याच भाषेत बोलू, सोपं जातं.) सेफ्टी डोअरच्या लाकडी चौकटीला मधोमध एकच खिळा आहे, आधीच्या भाडेकरूंनी ठोकलेला. दुसरा ठोकायला घरमालक परवानगी देत नाहीत, त्यामुळे "दोन हुक लाव" हा सल्ला कृपया पुन्हा नको. चिकटवायचे हुक लावून पाहिले. आमचा पॅसेज पश्चिमेला उघडतो. मार्चच्या दुपारी तिथे उभं राहवत नाही, तिथे तो गोंद काय टिकणार!

एकाच खिळ्यावर लटकलेली वस्तू तिचा गुरुत्वमध्य खिळ्याच्या बरोबर खाली येईपर्यंत फिरणार, हे शाळेतलंच आहे. माझा सगळा भार डाव्या हाताला, म्हणून अडकवायचा फास बारावर न बांधता थोडा डावीकडे बांधायचा. किती डावीकडे, ते ओळंब्याने काढलं: रीथ खिळ्याला अडकवायचं, त्याच खिळ्यातून नट बांधलेला दोरा सोडायचा, दोरा कड्याला खाली जिथे छेदतो तिथे खडूची खूण. मग दुसरीकडून लटकवून तेच. खुणांवरून आडवे-तिडवे दोरे ताणले की जिथे ते एकमेकांना छेदतात तो गुरुत्वमध्य. त्या हिशेबाने फास आला अकरा पस्तीसला. बांधला, लावलं, तोळामासाही कलत नव्हतं. गेल्या वेळी तुम्हाला फोटो दाखवून मिरवले ते हेच.

आणि मग ते परत कलायला लागलं. शेजारच्या काकू रोज न चुकता सांगायच्या, "अगं, फिरलं बघ परत." आधी संशय पोरांवर. मग दार आपटण्यावर. मग फास सरकतोय म्हणून फासाच्या दोन्ही बाजूंना खडूने रेघा मारल्या, तर फास जिथल्या तिथे. पण एक गोष्ट खटकत होती. पोरं फिरवत असती तर कधी इकडे, कधी तिकडे फिरलं असतं. हे दर वेळी एकाच दिशेला, चंद्रकोर खाली घसरते तसं. साडेसातचा मध्य जवळजवळ सव्वासातला.

काल चिडून सगळी फुलं उतरवली (तांब्याच्या तारेने बांधली आहेत म्हणून हे जमलं, त्यावर पुढे बोलते) आणि नुसतं कडं काट्यावर ठेवलं. बांधलं तेव्हा ४१० ग्रॅम होतं. काल १९० भरलं. फुलं-पानं-तार मिळून २०५ होती, ती २०५च. म्हणजे कडं वाळतंय, हलकं होतंय, फुलं आहेत तेवढीच, आणि गुरुत्वमध्य रोज थोडा थोडा चंद्रकोरीकडे सरकतोय. फुलं परत चढवून ओळंबा लावला, तर दोऱ्यांचा छेद इंचभराहून जास्त सरकलेला. आजच्या घडीला फास अकरा वीसला हवा. पुढच्या आठवड्यात कुठे, देव जाणे.

बरं, दुसरी एखादी वेल एव्हाना कडकडीत वाळून मोकळी झाली असती. ही गुळवेल! हिला अमृता उगाच म्हणत नाहीत. तोडून, वळून, दाराला टांगली तरी मरायला तयार नाही. दोनच्या जवळ एका पेरातून चक्क कोंब आलाय. पोपटी, नखाएवढं पान, अजून उलगडतंय, आणि खालून बारीक दोऱ्याएवढं मूळ लोंबतंय. मातीही नाही, पाणीही नाही. बांधलेल्या रीथला आपणहून पालवी फुटणं, वसंत म्हणून याहून जास्त काय हवं? काल रागात होते तरी ते पान दोनदा जाऊन पाहिलं. वजनाच्या दृष्टीने मात्र त्याचा उपयोग शून्य. वेलीतलंच पाणी इकडचं तिकडे गेलंय.

वेल आली कुठून हे बऱ्याच जणांनी विचारलं होतं. सोसायटीच्या कडुलिंबावरची आहे, माळीदादांनी छाटली तेव्हा उचलली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना पटलं नाही. लिंबावरची गुळवेल औषधाला उत्तम, ती दारावर काय टांगता, असं त्यांचं म्हणणं. निम्मी त्यांना दिली, मिटलं. येऊरहून आणलीस का, असंही एकीने विचारलं. नाही, आणि तुम्हीही आणू नका. ठाण्याजवळचं हे येऊर नॅशनल पार्कात येतं, तिथून काडीही उचलायची नसते. तिथल्या पळसाचे मी फक्त फोटो काढले, खालच्या पाकळीचा बाक आणि देठाकडचा काळपट मखमली पेला नीट दिसेल असे.

फुलांबद्दल थोडं. बाकदार पाकळी अखेर पोपटाच्या चोचीसारखी वळली. युक्ती अशी: दोन थर फेविकॉलने जोडायचे, अर्धवट ओले असतानाच अंगठ्याने मधोमध ताणायचे आणि पेन्सिलीवर वळवून वाळू द्यायचे. पूर्ण वाळल्यावर वळवाल तर चुण्या पडतात. बाजारातला पातळ क्रेप यासाठी कुचकामी. ओला हात लागला की रंग सुटतो आणि ताणला की फाटतो. १८० ग्रॅमचा इटालियन क्रेप महाग आहे, पण एकदा हाताळलात की पातळ क्रेपकडे बघवणार नाही. पेल्याला जुन्या ब्लाउजपीसचं तपकिरी मखमल वापरलं, कागदात तो मऊपणा येत नाही.

आणि ग्लू गन कपाटात ठेवा. गुळवेलीची साल पापुद्र्याची असते. ग्लू सालीला चिकटतो आणि साल वेलीला सोडते, फूल सालीसकट हातात येतं. लोखंडी बाइंडिंग वायर आपल्या हवेत गंजते. मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची बारीक तार वजनावर मिळते, वर इनॅमलचा थर असतो, गंजाचा प्रश्नच नाही. स्वस्त पडते आणि दिसतेही छान.

तर आता उपाय. ठरवलं होतं की फास पक्का न बांधता सरकगाठीने बांधायचा आणि दर रविवारी ओळंबा लावून थोडा सरकवायचा. पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली. मध्यंतरी मी वजनासाठी उजवीकडे मागच्या बाजूला नट बांधले होते. दार लावलं की टक-टक वाजायचे. घरून काम करणारा नवरा वैतागला, म्हणून त्याच संध्याकाळी काढून टाकले. पण उजवीकडचं वजन डावीकडच्या फुलांना तोलून धरत असेल, तर गुरुत्वमध्य खिळ्याखालच्या उभ्या रेषेवरच राहणार. मग कडं चारशे ग्रॅमचं असो की दीडशेचं, सारखं वाळलं तर ते आपलं मधोमधच! फास बारावर, वाळेल तेवढं वाळू दे.

गणित केलं. तीनच्या जागी साधारण १३० ग्रॅम लागतील. प्रश्न फक्त आवाजाचा. आणि आवाज होणारच असेल तर गोड का होऊ नये? पितळी घुंगरं! लपवायची नाहीत, तीनला समोरूनच गुच्छ बांधायचा, तांब्याच्या तारेनेच. केशरी पळसासमोर पितळ शोभेल. दार उघडलं की छुम. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

म्हणजे सरकगाठ रद्द. शनिवारी ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर जाऊन घुंगरं वजन करून घेणार. पाडव्यासाठी गाठी आणि आंब्याचे डहाळे आणायचेच आहेत. आईचं खरं तोरण चौकटीला वर लागेल, रीथ खाली दारावर, दोघांचं भांडण नाही.

पुढचं कडं मात्र बुरुडाकडच्या बांबूच्या कामट्यांचं, आधीच वाळलेलं. त्यावर ताम्हणाची फुलं (आपलं राज्यफूल) करायचा विचार आहे, महाराष्ट्र दिनापर्यंत. सहा चुणीदार पाकळ्या, क्रेपसाठीच जन्माला आलेलं फूल. अडचण रंगाची आहे. जाड क्रेपमध्ये मला जांभळा मिळतोय आणि गुलाबी मिळतोय, मधला ताम्हणाचा रंग मिळत नाही. पांढरा घेऊन रंगवायचा झाला तर ताण जातो का, कुणी करून पाहिलं असेल तर सांगा. आणि घुंगरांचा कुठला नंबर किती ग्रॅमचा, तेही.