तुम्ही विचारलंत म्हणून : डिलीट झालेलं परत येतं का?

लग्नसराई लागली की लातूर, परभणी, नांदेडकडच्या फोटो स्टुडिओवाल्यांचा प्रश्न ठरलेला : "कार्ड चुकून फॉरमॅट झालं, फोटो मिळतील का?" महा ई-सेवा केंद्रवाले हेच स्कॅन केलेल्या कागदपत्रांबद्दल विचारतात. उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे : डेटा कशावर होता, आणि त्यानंतर त्यावर काय लिहिलं गेलं.

सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस झाला म्हणून जमीन जागची हलत नाही, फक्त नोंद बदलते. हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डचं तसंच आहे. त्यांवरची जागा छोट्या तुकड्यांत वाटलेली असते, त्यांना क्लस्टर म्हणतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइली मांडायच्या पद्धतीत क्लस्टर साधारण ४ केबीचा असतो, म्हणजे ८ एमबीच्या फोटोला २,०४८ क्लस्टर लागतात. कोणती फाइल कुठल्या क्लस्टरमध्ये आहे, याचा तक्ता वेगळा. फॅट३२ या दुसऱ्या पद्धतीनं मांडलेल्या कार्डावर फाइल डिलीट केली की नावाच्या पहिल्या अक्षराजागी एक खूण पडते आणि तिचे क्लस्टर 'मोकळे' धरले जातात. फोटोचे बाइट तिथेच असतात. क्विक फॉरमॅटमध्येही तक्ताच नवा होतो, आणि कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुधा याच जातीचं. विंडोजचं पूर्ण फॉरमॅट मात्र व्हिस्टापासून सगळीकडे शून्यं लिहितं. त्यानंतर सॉफ्टवेअरच्या हाती काही लागत नाही.

एसएसडीची, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपांवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कची, गोष्ट वेगळी. तिच्यातल्या छोट्या जागांना 'पानं' म्हणतात; एकेका पानावर लिहिता येतं, पण पुसायचं तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. म्हणून विंडोज ७ पासून फाइल डिलीट होताच 'ट्रिम' नावाचा संदेश जातो : ही पानं आता नकोत. मग एसएसडी सवडीनं ती साफ करते, आणि त्याआधीच वाचायला गेलात तरी बहुतेक वेळा शून्यंच देते. लॅपटॉपच्या एसएसडीवरून शिफ्ट-डिलीट केलेलं, म्हणजे रिसायकल बिनमध्ये न जाता थेट गेलेलं, परत येण्याची आशा फार कमी असते, हे ग्राहकाला आधीच सांगावं.

कार्डाचं काम मात्र बहुधा होतं, हात आवरला तर. कार्ड लगेच कॅमेऱ्यातून काढा आणि कडेचं छोटं लॉक खाली सरकवा. संगणकाला लावल्यावर विंडोज "फॉरमॅट करायचं का?" विचारील, तिथे कॅन्सल. डिस्क तपासणारं विंडोजचं चेकडिस्कही चालवू नका, ते तक्ता आपल्या समजुतीनं दुरुस्त करतं आणि उरलेल्या खुणाही जातात. आधी अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे बाइटन् बाइट नक्कल, दुसऱ्या डिस्कवर उतरवा, पुढची खटपट त्या इमेजवर. ६४ जीबीचं कार्ड सेकंदाला ८० एमबीनं वाचलं तर जेमतेम १३-१४ मिनिटं लागतात. १ टीबीच्या हार्ड डिस्कला १०० एमबीच्या वेगानं पावणेतीन तास. आपल्याकडे मे महिन्यात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा हे काम यूपीएसवर किंवा चांगल्या बॅटरीच्या लॅपटॉपवरच करावं.

फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर तक्ता बघतच नाही. जेपीईजी फाइल ठरावीक बाइटांनी सुरू होते, त्या खुणेवरून ते फोटो शोधतं. त्यामुळे फोटो मिळतात, पण त्यांची मूळ नावं आणि फोल्डर जातात. व्हिडिओत जास्त अडचण येते. भरत आलेल्या कार्डावर मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी ठेवलेली असते, आणि तक्त्याशिवाय ते तुकडे जुळवणं अवघड असतं. मिळालेलं त्याच कार्डावर कधीच साठवू नका, मोकळ्या दिसणाऱ्या जागेतच बाकीचे फोटो असतात. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. सी ड्राइव्हवरचं गेलं असेल तर त्यावर रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोडही करू नका. संगणक बंद करा, डिस्क काढा, दुसऱ्या संगणकाला जोडा.

मोबाइलच्या आतल्या मेमरीवरचे फोटो असे निघत नाहीत. नव्या अँड्रॉइडमध्ये प्रत्येक फाइल कुलूपबंद असते, डिलीट झाली की किल्लीही जाते. गुगल फोटोजचा ट्रॅश तेवढा बघा, बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात.

आणि हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर सॉफ्टवेअरला हातच लावू नका. फिरत्या चकतीपासून डेटा वाचणारं-लिहिणारं हेड काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते बिघडून चकतीला घासलं, तर चालू राहिलेल्या प्रत्येक मिनिटाला डेटाचा थर खरवडला जातो. प्लग काढा, झाकण उघडू नका, आणि धूळमुक्त खोली असलेल्या लॅबकडेच द्या.