ब्रिज: शेवटची तीन-चार पानं

या मोसमात बोलीच्या (किती हात करणार ते आधी सांगण्याच्या) भानगडीत पडायचं नाही, फक्त शेवटची पानं घोटायची, असं ठरवलं होतं. स्क्वीझ, म्हणजे समोरच्याला कामाचंच पान टाकायला लावणारा डाव, शिकायला घेतला तो डिक्लेअरर म्हणून, म्हणजे स्वतःची आणि भिडूची उघडी मांडलेली पानं (डमी) खेळणारा म्हणून. फायदा झाला बचाव करताना.

जी स्थिती सारखी मांडून बघतो ती अशी. प्रत्येकाकडे तीन पानं उरलीत, खेळायचा क्रम डिक्लेअरर, पश्चिम, डमी, पूर्व. डमीत इस्पिकचे एक्का-गुलाम आणि चौकटची बिनकामाची दुर्री. डिक्लेअररकडे इस्पिकची चव्वी, बदामची राणी आणि किलवरचा एक्का. पश्चिमेकडे इस्पिकचे राजा-राणी आणि बदामचा राजा. किलवरचा एक्का पडला की पश्चिम अडकला. बदामचा राजा टाकला तर राणी मोकळी, इस्पिक टाकलं तर डमीतला गुलाम मोकळा. हीच तीन पानं पूर्वेकडे असती तरी हेच झालं असतं, कारण डमीत फेकायला दुर्री आहे. पण बदामची राणी डमीत आणि दुर्री डिक्लेअररकडे असली, तर डमीला पूर्वेच्या आधी कामाचं पान सोडावं लागतं. मग हा डाव फक्त पश्चिमेवर चालतो. डमीत बदामचा एक्का एकटा आणि राणी आपल्याकडे असेल, तर एक्का आधीच खेळून टाकायचा, की धमकी, म्हणजे मोकळं होऊ शकणारं पान, आपल्या हातात येते. व्हिएन्ना कू तो हाच.

आता बाजू बदला. कुठला रंग कोणी राखायचा हे बसण्याच्या जागेवरून ठरतं: पश्चिम डिक्लेअररनंतर खेळतो, म्हणून डिक्लेअररकडचा लांब रंग त्याने राखावा, पूर्व डमीनंतर खेळतो, त्याने डमीतला. दोघांनी एकच रंग धरून बसणं हा बचावातला सर्वात महाग उद्योग. सहा नो ट्रम्पमध्ये (हुकूम नाही, बारा हात करायचे) अकरा हात समोर दिसत असताना डिक्लेअररने लवकर, अगदी उदार होऊन एक हात दिला, तर मी आता सावध होतो. तो स्क्वीझसाठी हिशोब जमवतोय: जायचा हात आधीच देऊन टाकला की शेवटी आपल्याकडे फालतू पान उरत नाही. हात घेतल्यावर डमीत पोचायची वाट, म्हणजे वरच्या स्थितीतला इस्पिकचा एक्का, आधीच काढून घेता येतो का ते बघायचं.

थ्रो-इनमध्ये, म्हणजे समोरच्याला मुद्दाम हात देऊन त्याला आपल्या सोयीचं खेळायला लावण्यात, डिक्लेअररचं काम त्या मानाने सोपं. डमीत इस्पिकचे राजा-दश्शी-तिर्री, आपल्याकडे एक्का-गुलाम-पंजी, राणी कुठे आहे माहीत नाही. फिनेसची, म्हणजे राणी अमुक बाजूला आहे असं धरून गुलाम किंवा दश्शीने हात काढायची, घाई नको. समोरच्यांचे हुकूम काढा, बाजूचे रंग आपल्या हातातून आणि डमीतून संपवा, दोन्हीकडे एकेक हुकूम ठेवा आणि हरणारं पान देऊन टाका. ज्याच्या हाती पडेल त्याने इस्पिक खेळलं तर राणी शोधायची गरजच नाही. दुसरं काही खेळलं तर एकीकडे हुकूम मारून दुसरीकडचं इस्पिक टाकायचं.

मला खरा रस आहे तो यातून सुटण्यात. समजा डिक्लेअररकडे इस्पिकचे एक्का-राणी, डमीत नुसती किरकोळ इस्पिकं आणि मी पश्चिम, राजा धरून. चौकट डिक्लेअररकडे एक्का-तिर्री, डमीत दोन हलकी पानं, माझ्याकडे राजा-सत्ती, भिडूकडे राणी-गुलाम. डिक्लेअररने चौकटचा एक्का खेळला आणि मी सवयीने सत्ती दिली, तर पुढचा चौकटचा हात माझ्याच गळ्यात, आणि मग इस्पिक थेट एक्का-राणीच्या तोंडी. राजा एक्क्याखालीच टाकायचा. पुढचा हात भिडू घेतो, इस्पिक खेळतो, आणि माझा राजा एक्का-राणीच्या मागे बसलेला असतो. अर्थात राणी भिडूकडे आहे याचा काहीतरी पुरावा हवा, नाहीतर ही नुसती दानशूरता. आधीच्या हातांत भिडूने चौकटला पसंतीची खूण दिली होती का, एवढं तरी आठवलं पाहिजे. आणि हे विचार न करता, सहज टाकता आलं पाहिजे. अर्धा मिनिट डोकं खाजवून राजा टाकला तर डिक्लेअररला तिथेच कळतं की आपल्याकडे काय शिजतंय.

दुहेरी स्क्वीझ, म्हणजे समोरच्या दोघांनाही अडकवणारा, अजून कागदावरच जमतो. टेबलावर तिसऱ्या रंगाची मोजदाद निसटते, म्हणून सध्या डमी असताना चारही रंग मोजत बसतो. नाहीतरी तेव्हा चहा पिण्याखेरीज काम नसतं.