अडीच, नोंद 14 : इंजिनानं आपली ओळख आपणच सांगावी

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की अडीच या माझ्या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे इंजिनात, शांत (मोहरा न मारणाऱ्या) चालींची क्रमवारी लावायची पद्धत बदलली आहे, रात्री नव्या-जुन्या आवृत्तीचा सामना लावते, निकाल सकाळी कळेल. निकाल कळला. 2000 डाव, प्रत्येक बाजूला 10 सेकंद आणि चालीमागे 0.1 सेकंद, फरक जवळजवळ शून्य एलो (खेळाची ताकद मोजायचे गुण). माझ्या अंदाजानं निदान वीसेक तरी मिळायला हवे होते. दोन संध्याकाळी मी त्या बदलातली चूक शोधत बसले. शेवटी दोन्ही फाइलींचं चेकसम, म्हणजे फाइलीतल्या बाइटांवरून निघणारा ओळखीचा आकडा, काढून पाहिलं, तर ते एकच निघालं. रात्रभर जुनं अडीच जुन्या अडीचशीच खेळत होतं.

चूक मेकफाइलीत, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत होती, ती पाच मिनिटांत सुधारली. मला जास्त लागलं ते हे की 2000 डावांच्या पीजीएनमध्ये (डावांच्या नोंदीच्या फाइलीत) पांढरा «अडीच 0.6» आणि काळाही «अडीच 0.6», आणि त्यावरून काहीच कळायला मार्ग नव्हता. ज्याला इंजिन सुरू करायचंय त्या प्रोग्रॅमला समोर कोण आहे हे कळलंच पाहिजे, आणि ते मी हातानं लिहिलेल्या नावावरून कळू नये. हा आठवडा त्यातच गेला. खेळाची ताकद एका एलोनंही वाढली नाही, तरी माझ्या मते हा या वर्षातला सगळ्यात उपयोगी आठवडा.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात. युसीआय हा इंजिन आणि इंटरफेस (पट दाखवणारा किंवा सामने लावणारा प्रोग्रॅम) यांनी आपसात बोलायचा संकेत श्टेफान मायर-कालेन आणि रुडॉल्फ हूबर यांनी 2000 साली मांडला. इंटरफेस इंजिनाची फाइल चालू करतो आणि तिच्या इनपुटवर «युसीआय» ही एक ओळ पाठवतो. इंजिन «आयडी नेम» आणि «आयडी ऑथर» या ओळींत आपली ओळख देतं, मग पर्याय सांगतं आणि «युसीआयओके» म्हणून थांबतं. नाव म्हणजे «नेम»नंतरची उरलेली अख्खी ओळ, त्यामुळे त्यात मोकळ्या जागा चालतात. दुहेरी अवतरणचिन्हं मात्र घालू नका, कारण तेच नाव पुढे पीजीएनच्या अवतरणांत जाऊन बसतं.

इथे पुष्कळांचं पहिलं इंजिन अडतं. टर्मिनलमध्ये सगळं ठीक दिसतं, इंटरफेसमध्ये मात्र इंजिन मुकं. टर्मिनलवर छापताना ओळ संपली की मजकूर बाहेर पडतो. पाइपमध्ये, म्हणजे एका प्रोग्रॅममधून थेट दुसऱ्यात जाताना, तो बफर (तात्पुरती साठवण) भरेपर्यंत आतच राहतो. ओळख दिलेली असते, पण पोचलेली नसते. प्रत्येक उत्तरानंतर फ्लश करा, म्हणजे साठलेलं लगेच बाहेर पाठवा, नाहीतर सुरुवातीलाच बफरिंग बंद करा.

आता आवृत्तीकडे. नाव गिटकडूनच, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमकडूनच, घ्यायचं ठरवलं. «गिट डिस्क्राइब»ला टॅग आणि डर्टी हे दोन पर्याय दिले की शेवटचा टॅग (आवृत्तीची खूण), त्यानंतरच्या कमिटची (नोंदवलेल्या बदलांची) संख्या, आताच्या कमिटचा छोटा हॅश (ओळखक्रमांक), आणि कमिट न केलेले बदल असतील तर शेवटी «डर्टी» असा शेरा मिळतो. हा शेरा फार मोलाचा आहे. रात्री अकराला एक आकडा बदलून, कमिट न करता केलेलं बिल्ड तोच पकडतो.

पण बिल्ड करणारं मेक फक्त फाइलींच्या वेळा बघतं. नवा टॅग लावल्यानं एकाही सोर्स फाइलची वेळ बदलत नाही, म्हणून आवृत्तीची ऑब्जेक्ट फाइल जुनीच राहते आणि इंजिन आत्मविश्वासानं चुकीची ओळख सांगतं. ओळख नसण्यापेक्षा हे वाईट. आता दर बिल्डला एक छोटी स्क्रिप्ट आवृत्तीचं हेडर नव्यानं तयार करते, आधीच्याशी ताडून बघते, आणि फरक असेल तरच जागेवर ठेवते. त्यामुळे विनाकारण लिंकिंग होत नाही. झिप उतरवून बिल्ड करणाऱ्याकडे गिटचा इतिहास नसतो. त्याच्यासाठी स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनासारखं «नोगिट» लिहिते. संकलनाची तारीख आणि वेळ घालायचा मोह टाळला. ती घातली की एकाच सोर्समधून दोनदा केलेली बिल्डं बाइटगणिक वेगळी होतात आणि ज्या चेकसमनं मला चूक सापडली, त्याचा अर्थच जातो.

हे झालं चालू केल्यावर विचारण्याचं. माझी सामने लावणारी स्क्रिप्ट, पंच, एका फोल्डरमधली तीसेक इंजिनं चाळते. यादी दाखवायला प्रत्येक फाइल चालवून बघणं मला पटत नाही. विंडोजवर यासाठी व्हर्जनइन्फो नावाचं रिसोर्स असतं. फाइल न चालवता कोणताही प्रोग्रॅम ते वाचू शकतो. त्यात आकड्यांची आवृत्ती चार खान्यांची, प्रत्येक खाना 16 बिटांचा, म्हणजे 65535 ही हद्द. मला चौथ्या खान्यात 250614 अशी तारीख हवी होती, ती बसत नाही. आता तिथे कमिटची एकूण संख्या जाते. दोन शाखांवर ती संख्या सारखी येऊ शकते, म्हणून हॅशसकट पूर्ण नाव मजकुराच्या भागात ठेवलंय.

मजकुराचा भाग भाषेनुसार असतो, आणि इथे मी हौस केली. मराठीचा भाषा क्रमांक 1102, युनिकोडचा 1200. दोन्ही सोळाच्या पायात जोडून लिहायचे, आणि तोच जोड भाषांतरांच्या यादीतही द्यायचा. यादी आणि मजकूर जुळले नाहीत तर वाचणाऱ्याला काहीच सापडत नाही. देवनागरी नीट जावी म्हणून विंडरेसला (रिसोर्स संकलित करणाऱ्या प्रोग्रॅमला) कोडपेज 65001 सांगावं लागतं. गुणधर्मांच्या खिडकीत «अडीच» असं आपल्या लिपीत पाहिलं तेव्हा फार बरं वाटलं. घोड्याच्या अडीच घरांवरून ठेवलेलं नाव रोमन अक्षरांत मला कधीच आपलं वाटलं नव्हतं. शेजारी 1033 चा इंग्रजी भागही ठेवलाय, कारण काही प्रोग्रॅम यादी न बघता थेट तोच शोधतात. «आयडी नेम»मध्ये मात्र रोमनच ठेवलं. एका जुन्या इंटरफेसमध्ये देवनागरीचा चिखल होत होता.

लिनक्सवर असं ठरलेलं रिसोर्स नाही. तिथे जुनी युक्ती वापरली. मार्क रॉचकिंडनं 1972 साली बेल लॅब्जमध्ये एससीसीएस हा कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम लिहिला, त्यासोबतची «व्हॉट» ही आज्ञा कोणत्याही फाइलीत @(#) ही चार चिन्हं शोधते आणि पुढचा मजकूर दाखवते. मी आवृत्तीच्या मजकुराआधी तीच चिन्हं घातली आणि पंचाला ती शोधायला शिकवलं. इतकी वर्षं झाली तरी ही कल्पना जशीच्या तशी चालते. एकच काळजी: तो मजकूर कोडमध्ये कुठे वापरलेला नसेल तर कंपायलर किंवा लिंकर तो काढून टाकतो. माझा पहिल्या प्रयत्नात गेलाच. आता «आयडी नेम» त्याच मजकुरातून, चार चिन्हं सोडून, छापते. त्यामुळे तो टिकतो, आणि फाइलीत एक व तोंडी दुसरं असंही होत नाही.

नाव वेगळं म्हणजे खेळ वेगळा असं नाही, म्हणून बेंचही जोडलं. ठरलेल्या 50 स्थिती, ठरलेली खोली, एकच थ्रेड, आणि शोधलेल्या नोडची (तपासलेल्या स्थितींची) बेरीज. स्टॉकफिशमध्ये खेळ बदलणाऱ्या कमिटच्या संदेशात हा आकडा लिहितात. सामन्याआधी पंच आता दोन्ही बाजूंची नावं आणि बेंच मागतो. नाव एकच असेल तर सामना लावतच नाही, नावं वेगळी पण बेंच सारखं असेल तर विचारतो. फक्त वेग वाढवणाऱ्या बदलात बेंच सारखं राहणंच बरोबर असतं, म्हणून तिथे मनाई ठेवली नाही.

तोच सामना काल रात्री परत लावला. हे लिहिताना 640 डाव झालेत, नवं अडीच थोडं पुढे आहे, पण चुकीची मर्यादा अजून फरकापेक्षा मोठी आहे. पडद्यावर दोन ओळी आहेत, दोन हॅश, दोन बेंच. उरलेले 1360 डाव होऊ देत, मग आकडे देते.