काडी दाबली की…

"मावशी, प्रॉपगेट म्हणजे काय गं?" बारावीतल्या भाच्याने फिजिक्सच्या पुस्तकातून डोकं वर काढलं.

"पसरणे," मी मेथी निवडता निवडता म्हटलं.

"आणि स्प्रेड?"

"तेही पसरणेच."

एकच माल दोन दरांनी विकणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मेथी बाजूला सारून शब्दकोश काढावा लागला.

निघालं भलतंच. लॅटिनमधलं प्रोपागारे हे क्रियापद मुळात बागेतलं. वेलीची काडी आईपासून न तोडता वाकवायची, मातीत दाबायची, मुळं फुटली की वेगळी करायची. म्हणजे चक्क दाब कलम! इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमच्या कॅटोने शेतीवर लिहिताना ही रीत सांगून ठेवली आहे. 'प्रो' म्हणजे पुढे आणि 'पाग' म्हणजे रोवणं, पक्कं बसवणं. इंग्रजीतले पेज आणि पॅक्ट याच धातूचे. आपला 'पाश'ही याच कुळातला मानतात. पसरण्याच्या शब्दाच्या पोटात घट्ट धरून ठेवणं निघावं, याची मला फार गंमत वाटली.

आपले शब्द तसे भटके. प्रसारात 'सरणं' आहे, प्रचारात 'चरणं', म्हणजे फिरणं. निवडणुकीत उमेदवार गल्लीबोळ पालथे घालतात ते शब्दाला जागूनच! प्रोपागांडा मात्र वेलीच्याच घरातला. 1622 साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी रोममध्ये एक मंडळ नेमलं, त्याच्या लॅटिन नावातला हा शब्द. 'जे वाढवायचं आहे ते' एवढाच साधा अर्थ. पुढे त्याच्या वाट्याला काय आलं ते आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी दिसतं.

रविवारी आम्ही निफाडकडे, दादाच्या द्राक्षमळ्यात. भादवा चालू, कलमांची घाई. फेब्रुवारीत लावलेले डॉगरिज या जंगली जातीचे खुंट आता हाताला भरले होते. कलम बांधणारा माणूस खुंट छाटायचा, मधोमध चीर द्यायचा, थॉमसन जातीच्या द्राक्षाची काडी दोन्ही बाजूंनी तासून पाचर करून त्यात बसवायचा आणि वर प्लॅस्टिकची पट्टी. सगळं आम्ही 'बघ, बघ' म्हणेपर्यंत. खाली जंगली मूळ, वर खाण्याचं द्राक्ष. मुळाने क्षार आणि पाण्याची ओढ सोसायची, नाव मात्र थॉमसनचं. (आमच्या घरात हे खाते माझ्याकडे आहे.)

"आणि दाब कलम?" मी दादाला विचारलं.

"ते पूर्वी. वेल मेली की नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, भरायला शेजारच्या वेलीची काडी वाकवून दाबायचो. आता खुंट वेगळा, वर जात वेगळी. दाबली तर जातीलाच मुळं फुटणार, मग खुंटाचा उपयोग काय?"

मी भाच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. रोमचा शब्द निफाडात सापडला होता! तो तासलेल्या काडीचा तुकडा बोटांत फिरवत होता.

"पण मामा, लहरी प्रॉपगेट होतात म्हणतात. त्यांना मुळं कुठे असतात?"

दादाने तोंडातली पट्टी काढली. "ते तुझ्या सरांना विचार. आधी ती टोपली इकडे दे, काड्या सुकतायत."