२१४७४८३६४७ चे भाजक शोधताना

२१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, ही मूळ संख्या आहे हे मी अनेकदा वाचलं होतं. गणितज्ञ ऑयलरने हे १७७२ पर्यंत सिद्ध केलं होतं, तेही हाताने केलेल्या आकडेमोडीवर. मला ती सिद्धता स्वतः करून बघायची होती. कॅल्क्युलेटर न वापरता.

या संख्येचं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित वर आहे. तिथपर्यंत साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्या येतात. तेवढे भागाकार मला झेपले नसते, आणि इथेच ऑयलरची युक्ती मनापासून आवडली. समजा 'क' हा मूळ भाजक आहे. मग २ च्या ३१ व्या घाताला 'क'ने भागल्यावर बाकी १ उरते. ३१ मूळ असल्यामुळे 'क' वजा १ ला ३१ ने नि:शेष भाग जायलाच हवा. 'क' विषम, म्हणून ६२ नेही. शिवाय २ चा ३२ वा घात हा पूर्ण वर्ग आहे आणि त्याची बाकी २ उरते, त्यामुळे 'क'ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येऊ शकते. दोन्ही अटी जुळवल्या की 'क' हा २४८ च्या पटीहून १ ने किंवा ६३ ने जास्त असतो. आधी हा विचार २ चा ११ वा घात वजा १ या संख्येवर लावून पाहिला: २०४७ = २३ × ८९. दोन्ही भाजक २२ च्या पटीहून १ ने जास्त, आणि ८ ने भागल्यावर बाकी ७ आणि १. मग धीर आला.

उरल्या ३७२ संख्या. त्यांतल्या संयुक्त गाळल्यावर यादी शंभराच्या आत आली. पहिला भाजक ३११: बाकी ३५. मग १३०३: बाकी २२६. प्रत्येक भागाकार नवांच्या कसोटीने, म्हणजे अंकांच्या बेरजा जुळतात का ते पाहून, तपासत होतो, कारण चुकीची बाकीही शून्य नसली की खरीच वाटते.

तरी चूक झालीच, ती यादीत. १२४१ मूळ समजून भागाकार केला. ती १७ × ७३ निघाली. तो नुसता वाया गेलेला वेळ. पण दुसऱ्यांदा चाळणी लावली तेव्हा कळलं की २५४३ मी खोडून टाकली होती. ३१ × ८२ आणि ४१ × ६२ दोन्ही २५४२ येतात, आणि घाईत वरचा १ सुटला होता. एक मूळ संख्या जरी राहिली तरी सिद्धता उरत नाही. दुसरं काहीच लक्षात आलं नसतं. सगळ्या बाक्या नीटच दिसत होत्या.

म्हणून शेवटचा भागाकार २५४३ चा झाला. भागाकार ८४४४६८, बाकी १५२३. एकच अंक उरेपर्यंत अंकांच्या बेरजा घेतल्या (२५४३ चे ५, भागाकाराचे ७, बाकीचे २): ५ गुणिले ७ म्हणजे ३५, त्याचे ८, अधिक २, म्हणजे १०, म्हणजे १. मूळ आकड्याच्या अंकांची बेरीज ४६, तिचेही १.