शिशाचं सोनं आणि मावशीचा प्रश्न

"अगं, तिकडे तुम्ही शिशाचं सोनं केलंत म्हणे!" मे 2025 मध्ये मावशीचा फोन आला तो असा. बातमी खरी होती. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत मी ज्या ॲलिस प्रयोगात काम करते, तिथल्याच मोजणीचा शोधनिबंध तेव्हा नुकताच प्रसिद्ध झाला होता. तिने लगेच विचारलं, "किती झालं?" 2015 ते 2018 या काळात सोन्याची सुमारे 8,600 कोटी अणुकेंद्रं तयार झाली. ऐकून ती खूश झाली. मग वजन सांगितलं: 29 पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग करा, त्यातले 29.

ॲलिस आहे फ्रान्सच्या हद्दीत, जमिनीखाली 56 मीटरवर. मी राहते स्वित्झर्लंडच्या बाजूला. 18 नंबरची ट्राम सर्नच्या दारात संपते, तिथून सायकलने सीमा ओलांडली की समोर जुरा पर्वत आणि आमचा नियंत्रण कक्ष. वर्षातला बराच काळ कणांना वेग देणाऱ्या 27 किलोमीटरच्या गोल बोगद्यात प्रोटॉन फिरत असतात, वर्षअखेरीस मात्र साधारण महिनाभर शिसं येतं. ते आमचे सुगीचे दिवस. शिशाची दोन अणुकेंद्रं समोरासमोर आदळली की सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून जास्त तापमान निर्माण होतं आणि प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे त्यांच्या आतल्या मूलकणांचा रस्सा, तयार होतो. ॲलिस बांधला तो मुख्यतः त्यासाठी.

माझा जीव मात्र हुकलेल्या टकरींत अडकलाय.

दोन अणुकेंद्रं न शिवता शेजारून गेली तरी काहीतरी घडतंच. शिशाच्या केंद्रात 82 प्रोटॉन असतात, म्हणजे विद्युतभार दणदणीत. त्यात वेग प्रकाशाच्या 99.999993 टक्के. या वेगाला त्या भाराचं विद्युतक्षेत्र चपटं होतं आणि शेजारून जाणाऱ्याला क्षणभर फोटॉनचा, म्हणजे प्रकाशकणांचा, झटका बसतो. ते अणुकेंद्र थरथरतं, त्यातून न्यूट्रॉन निसटतात, कधीकधी प्रोटॉनही. एक प्रोटॉन गेला की शिशाचं थॅलियम होतं, दोन गेले की पारा, तीन गेले की सोनं.

हे निसटलेले कण टकरीच्या जागेपासून शंभर मीटरहून जास्त अंतरावर, बीमच्या, म्हणजे कणांच्या झोताच्या, रेषेतच ठेवलेले आमचे कॅलरीमीटर (कणांची ऊर्जा मोजणारी यंत्रं) पकडतात. जड धातूत क्वार्ट्झचे तंतू बसवलेले असतात. कण धातूवर आदळला की पुढच्या कणांची सर सुटते आणि त्या तंतूंत प्रकाश चमकतो. न्यूट्रॉनला भार नाही, तो सरळ येतो. त्याचा आलेख मला फार आवडतो: एक न्यूट्रॉन निसटला की एक उंचवटा, दोन निसटले की बरोबर दुप्पट ऊर्जेवर दुसरा, मग तिसरा. जिन्याच्या पायऱ्यांसारखे, सारख्या अंतरावर. निसर्ग असा एक, दोन, तीन मोजून दाखवतो तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो. प्रोटॉनचं तसं नाही. वाटेतलं चुंबक त्यांना वळवतं, काही डिटेक्टरपर्यंत पोचतच नाहीत. न दिसलेल्यांचा हिशेब लावण्यात माझे महिने जातात.

मावशीचा खरा प्रश्न नंतर आला. "मग ते सोनं गेलं कुठे?"

इतकं नेमकं मला इथल्या पाहुण्यांपैकी कुणी विचारलेलं नाही. त्या सोन्याच्या विद्युतभाराचं आणि वस्तुमानाचं प्रमाण बदललेलं असतं, त्यामुळे चुंबकं त्याला शिशाच्या वाटेवर धरून ठेवू शकत नाहीत. ते नळीच्या भिंतीवर किंवा पुढच्या अडथळ्यावर आदळतं आणि क्षणार्धात त्याचे तुकडे होतात. एखादा न्यूट्रॉन गमावलेलं शिसंही असंच वाट सोडतं. आमची मोजणी कामी येते ती इथे. चुंबकं उणे 271 अंशांवर ठेवलेली असतात, भरकटलेल्या अणुकेंद्रांनी ती थोडी जरी तापली तरी बीम थांबवावा लागतो. किती अणुकेंद्रं कुठे भरकटतील याचा अंदाज जितका पक्का, तितकं जास्त शिसं बोगद्यात फिरवता येईल.

रात्रपाळीत कधीतरी बीम सोडून देतात आणि पडद्यावरचे आकडे थांबतात. नवा बीम भरेपर्यंत मोकळा वेळ मिळतो. सगळे कॉफीला जातात. मी तीन प्रोटॉनचा आलेख उघडते आणि त्यात दोनवाले किती मिसळलेत ते पुन्हा एकदा तपासते.