तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्यात तरी सगळे मोकळे असतात ना?

मी क्रॉसड्रेसर आहे हे ज्यांना माहितीय त्यातले बहुतेक जण कधी ना कधी हे विचारतातच. म्हणजे मी पुरुष आहे, पुरुष म्हणूनच राहतो, कुडाळात नोकरी करतो आणि अधूनमधून साडी नेसून, नटून बसायला मला बरं वाटतं, एवढंच. विचारणाऱ्यांची अपेक्षा अशी की बाहेर लोक नावं ठेवणारच, पण तुमचे तुम्ही जमलात की तिथे तरी कोणी कोणाला काही बोलत नसेल.

तर बोलतात. चांगलंच बोलतात.

आमच्यातही उतरंड आहे. सगळ्यात वर 'पास' होणारे, म्हणजे रस्त्यावरून गेले तर बाई म्हणून कोणी वळून बघणार नाही असे. मग तरुण, बारीक, दाढी कमी असलेले. खाली माझ्यासारखे पोट सुटलेले, आणि अगदी तळाला मिशीवाले. शिवाय वेगळी भांडणं आहेतच, कोण नुसती हौस म्हणून करतो, कोणाला त्यात शारीरिक आकर्षण वाटतं, कोण आतून स्वतःला बाईच मानतो, आणि यातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "आम्ही तसले नाही हां." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते आलं की मी उठून चहा टाकतो. हिजडा, ट्रान्स हे शब्द आले की तर काही जण असे अंग चोरतात की वाटावं यांना कोणी कधी हसलंच नाही. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क दिला तेव्हा आमच्यातलेच काही म्हणाले, आपला त्यांच्याशी काय संबंध. आणि 2018 ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा निकाल आला तेव्हा हेच लोक "आता आपण कायदेशीर झालो" म्हणून खूश! अरे पण साडी नेसणं बेकायदेशीर होतं कधी? ते कलम कपड्यांबद्दल नव्हतंच मुळी.

आम्ही चार-पाच जण पावसाळ्यात जमतो, एकाच्या होमस्टेवर. एक तर तेव्हा गिऱ्हाईक नसतं, आणि दुसरं म्हणजे आमच्यातला एक जण तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचा कप्तान आहे आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाच तो मोकळा. पन्नाशी उलटलेला, हात असे की दोरखंड बरा, आणि मिशी झुपकेदार. हिरवी नऊवारी नेसतो, स्वतःची स्वतः, काष्टा असा चापून घालतो की आमच्यात कोणाला जमत नाही. पण मिशी ठेवून.

दोन वर्षांपूर्वी एक नवीन पोरगा आला, मेकअपमध्ये एकदम हुशार. दाढीची निळसर झाक नुसत्या फाउंडेशनखाली लपत नाही, उलट राखाडी दिसते, आधी तिथे नारंगी करेक्टर थोपटायचा आणि मग फाउंडेशन, हे त्यानेच आम्हाला शिकवलं. आपल्या दमट हवेत थर जाड लावला की अर्ध्या तासात ओघळतो, म्हणून पातळ लावून पावडरने बसवायचा, हे पण. माझ्या गालावर तासभर काम केलं बिचाऱ्याने, पैसे नाही, काही नाही. आणि मग ग्रुप फोटोची वेळ आली तेव्हा तोच तांडेलाला म्हणाला, "काका, तुम्ही मिशी तरी काढून या हो, सगळ्यांचं हसं होतं."

तांडेल आधी काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझो बापूस जावन पंधरा वर्सा झाली. आता मिशी काढलंय तर गाव विचारतलो, आता कोण गेला?"

यावर काय बोलणार? पोरगा पुण्यात वाढलेला, त्याला आधी ते कळलंच नाही, घरात कोणी गेलं की मिशी काढतात हे समजावून सांगावं लागलं. कळल्यावरही तो म्हणाला की मग फोटोत नका येऊ. त्याचंही एक म्हणणं होतं, त्याला तोंड लपवून जगायचं नाहीये, त्याच्या मते आम्ही सगळे भित्रे. माझं मत विचाराल तर त्याचं चुकलं. ज्याला तोंड दाखवायचंय त्याने खुशाल दाखवावं, पण दुसऱ्याने किती उघडं व्हायचं हे ठरवायला याला कोणी सांगितलं? तो परत पुण्याला जाणार, तांडेलाला त्याच बंदरावर रोज उभं राहायचंय. तेव्हापासून जमलो की सगळ्यांचे फोन फडताळात जातात, आणि ज्याला फोटो हवा तो शेवटी एकट्याचा काढून घेतो.

इथे कोणीतरी दशावतार काढतोच. "आमच्याकडे बाप्ये साड्यो नेसतत आणि लोक रात्रभर बसान बघतत, मग तुका लपवूक कित्याक व्हया?" बरोबर आहे, जत्रेतल्या नाटकात स्त्रीपार्ट करणाऱ्याला मान असतो, लिहिलेली संहिता नसताना तो रात्रभर तोंडावर संवाद रचतो, ती साधना आहे, मी स्वतः पहिल्या रांगेत बसून बघतो. बालगंधर्वांना तर 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं. पण तो मान कलेचा आहे. सकाळी रंग उतरवून त्याच नटाने साडीतच बाजारात जाऊन बांगडे आणले तर बघा काय होतं. आणि मुळात मी नट नाहीच ना, मला कोणाला काही दाखवायचं नसतं.

हा आजार आहे का, हेही विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या नव्या यादीत, जी 2022 पासून लागू आहे, त्यात हे वेगळा आजार म्हणून ठेवलेलं नाही. विषय संपला.

बायकोचं विचारतात ते मात्र सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या बायकोला माहितीय, लग्नाआधीच सांगितलं होतं, तिने दोन दिवस फोन घेतला नाही आणि मग एकच अट घातली, "माझ्या साड्यांना हात लावायचा नाही, तुझ्या तू घे." आमच्यातल्या बाकीच्यांनी घरी सांगितलेलं नाही. त्यांना मी कधी सांगा म्हणत नाही, पण लग्न ठरत असलेला कोणी आला की मात्र मागे लागतो, कारण तिथे लपवणं म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्याशी खेळणं, आणि त्यावर माझं तोंड बंद राहत नाही, मग मला कोणी उतरंडीत कुठेही बसवू दे.